दोन्ही नावे एकाच व्यक्तीची

मोती तबेल्यात, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून
माझं टेबल, एक छत्री, आणि प्रिंटर
जो मे महिन्यात कागद ओढत नाही.
टाइप हिंदीत करते, पुटपुटते मराठीत.
पंधरा वर्षं लोकांच्या शपथा लिहिते आहे,
पानाला वीस रुपये.

ती पहिल्यांदा आली ते साड्यांच्या दुकानाची पिशवी घेऊन.
आत जामशोरोची डिग्री,
घोटकीच्या सरकारी इस्पितळाचा दाखला:
बावीस वर्षं, प्रसूती विभाग, शिक्का निळा, जरा पसरलेला.
डिग्रीवर ईश्वरी 'आय'नं सुरू होत होती,
पासपोर्टवर 'ई'नं.
त्या एका अक्षरापायी दिल्लीहून फाइल परत.

"लिहा," म्हणाली, "दोघी मीच."

मी लिहिलं: शपथेवर सांगते की
उपरोक्त दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
सोजतिया वकील चष्म्यावरून बघत म्हणाले,
"पुरावा काय, भिया?"
आणि स्वतःच हसले.
तिनं हात टेबलावर ठेवले होते, तळवे वर,
जसे कुणी मूल देणार आहे.

मग दर वर्षी यायची.
एकदा परीक्षेचा फॉर्म. शेजारच्या बाकावरच्या पोरानं
"आंटी, जादा पेन आहे?" विचारलं, तो पास झाला, तीही झाली.
मग कळलं, आता तिकडच्या कौन्सिलचं पत्र लागेल
की ही बाई खरंच डॉक्टर होती.
तिकडचे लिहितात, गेलेल्यांबद्दल आम्ही काही कळवत नाही.
म्हणजे तेवढंही लिहीत नाहीत.

जयरामपूर कॉलनीतल्या एका नर्सिंग होममध्ये ती टोकन देते.
सगळे दीदी म्हणतात, ही तिचीच अट.
दाराआडच्या कण्हण्यावरून तिला कळतं
किती बोटं उघडलंय, अजून किती वेळ,
कुठली बाई उगाच ओरडतेय आणि कुठली
ओरडायची थांबली ते बरं नाही.
ती म्हणते, "नंबर एकोणतीस."

मागच्या उन्हाळ्यात मी तिचंच शपथपत्र टाइप करत होते.
ती पडद्याकडे बघतच नव्हती.
"नखं केव्हापासून अशी?"
अशी म्हणजे कशी, तर मध्ये खोलगट, चमच्यासारखी,
पाण्याचा थेंब ठेवला तर राहील.
मग आवाज खाली आणून: "पाळी?"
आणि मी, जिनं बहिणीलाही सांगितलं नव्हतं,
स्टँपवाल्यांच्या रांगेसमोर सगळं सांगून टाकलं.
"उद्याच रक्त तपासा. सोनोग्राफीही."
मग तिनं मागे वळून पाहिलं,
दुकानातून काही उचलल्यासारखं.
"मी डॉक्टर म्हणून नाही बोलले हं."
मग कोण म्हणून, मी विचारलं.
यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार.
एम.वाय.मध्ये गाठ काढली, लिंबाएवढी.
तिथला तरुण डॉक्टर केसपेपरवरून मान न काढता म्हणाला,
"वेळेत आलात. कुणी पाठवलं?"
मी, जी रोज लिहिते
की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे,
म्हणाले, "शेजारणीनं."

या वर्षी ती आली तेव्हा मी पैसे घेतले नाहीत.
तिनं ते स्टेपलरखाली सरकवले, हिशोबाची पक्की.
नाव, वडिलांचं नाव, पत्ता झाला.
"सध्याचा व्यवसाय" पाशी माझी बोटं थांबली.
कर्सर लुकलुकत राहिला.
मागचा माणूस खोकला.

तिनं माझा हात कीबोर्डवरून उचलला,
उजेडाकडे धरला, नखं पाहिली,
एकेक करून, दहाही.
काही बोलली नाही.
हात होता तिथे परत ठेवला आणि म्हणाली,
"हं. पुढचं लिहा."