बकाल

कुंबाच्या कागदावर एकच शब्द अडला: बुतिक.
बाकी पान वीस मिनिटांत उतरलं होतं —
आईचं नाव, जन्मसाल 'अंदाजे', गाव काओलाक,
जामीनदाराच्या उत्पन्नाचं साधन: बुतिक, एक.

शारजात, रोला चौकापाशी, पहिल्या मजल्यावर
आमचं भाषांतर कार्यालय: दोन टेबलं, एक शिक्का,
आणि ठिबकणारा एसी, त्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा.
जोसकुट्टीसाहेब म्हणाले, "इंग्रजीतही बुतिकच की.
तसंच ठेव. पानाला साठ दिरहम. पुढचं घे."

तसंच ठेवलं तर
व्हिसाच्या खिडकीमागचा माणूस बुतिक वाचेल
आणि त्याला दिसेल मॉलमधली काच,
काचेत बिनडोक्याची बाई,
तिच्या अंगावर आठशेचा रेशमी झगा.
मग तो विचारेल, एवढं आहे तर हिशेबाच्या वह्या कुठायत?
मी पुण्यात फ्रेंच शिकले त्या पुस्तकातही
कुणी एक मादाम बुतिकमध्ये जाऊन
स्कार्फच घ्यायची. तीन वर्षं. दर धड्यात.

कुंबाने पर्समधून फोटो काढला.
निळ्या फळ्यांची खिडकी. जाळीला लटकलेल्या
शाम्पूच्या पुड्या. आणि कट्ट्यावर टेकलेलं
एक कोपर. कोपरच फक्त. आई फोटोत मावली नव्हती.
"साखरेचे दोन खडे मिळतात," ती म्हणाली.
"एक सिगारेट. अर्धा कांदा. पिशवीला गाठ मारून
घोटभर तेल. मध्यरात्री खिडकी वाजवलीत
तर तापाची गोळी, पैसे नंतर."

ग्रोसरी? तिला फ्रीज लागतो.
किऑस्क म्हटलं की विमानतळ.
स्टॉल म्हटलं तर उद्या उचलून नेतील.
माझ्याकडे टपरी होती, तयार, नेमकी,
चहाच्या वाफेसकट; पण तिला इंग्रजीच्या दारात
कुणी ओळखलं नसतं.
आणि दुकान? ते तर इथलंच, दुक्कान.
कधीतरी गलबतातून आमच्या किनाऱ्यावर उतरलं
आणि असं रुळलं, की आज इथे परतल्यावर
मीच त्याची ओळख करून द्यायला निघाले,
हे आमच्या घरचं म्हणून.

खाली रस्त्यापलीकडे अरबी पाटी: बकाला.
रोज तिथूनच कोथिंबीर घेते मी.
आज ती वाचताना आत्याचा आवाज आला.
नळापलीकडच्या गल्लीला ती म्हणायची बकाल वस्ती.
"तिकडे जायचं नाही. सगळं बकाल आहे तिकडे."
बकाल म्हणजे वाणी. मुळात एवढंच.
मीठमिरची तोलून देणारा माणूस.
त्याच्या नावाला घाण कधी लागली,
कोशात तारीख नाही.

मी टाइप केलं: स्मॉल शॉप.
कुंबा स्क्रीनकडे झुकली. दिवसभर
लोकींच्या वेण्या घातलेल्या तिच्या बोटांना
मेणाचा वास होता.
"स्मॉल कशाला?"
म्हटलं, लहानसंच आहे ना.
"मूळ कागदात लहान लिहिलंय?"
नव्हतं लिहिलं.
"सहा जण जेवलो आम्ही त्याच्यावर.
माझं विमानाचं तिकीटही त्याच खिडकीतून आलं."
मी कर्सर मागे नेला.
पाच अक्षरं पुसली, आणि एक मोकळी जागा.

शॉप, एक.

शिक्का बसला: मुळाबरहुकूम खरे भाषांतर.
तिच्याकडे शंभरची नोट, साहेबांकडे सुटे नाहीत.
ती मोडून आणायला खाली गेली
आणि बराच वेळ वर आलीच नाही.
खिडकीतून पाहिलं: बकाल्याच्या उघड्या दारातून
ती दिसत होती, कट्ट्यावर कोपर टेकलेली,
कासरगोडच्या त्या पोराकडे काहीतरी मागत.
बहुतेक अर्धा कांदा.
कारण तो आधी नाही नाही म्हणाला, मग हसला,
आणि सुरी शोधू लागला.