कोरं कार्ड

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
पालिकेची माणसं चौकाचौकांत दोर बांधतात,
लोकांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.
आमच्या केंद्राच्या खिडकीतून तो दोर दिसतो.
एवारिस्तो तिकडेच बघत बसायचा
आणि मी म्हणायचे, इकडे बघ.

वय सहा. शब्द शून्य.
हे त्याच्या फायलीत पहिल्याच ओळीत.
आमच्या मध्ये बुटकं निळं टेबल,
माझ्या मांडीवर तक्ता, कानामागे पेन्सिल.
इकडे बघ.
पापणी नुसती हलली तरी मी चमचाभर
कालाफातेच्या बोरांचा मुरंबा पुढे करायचे
आणि चौकटीत खूण.
दहात चार. दहात सहा.
मार्चमध्ये दहात नऊ.
दोन्या मिर्ता, आमच्या पर्यवेक्षक, खूश झाल्या.
त्याची आई नेल्दा खेकड्यांच्या कारखान्यातून
थेट यायची, हातांना खाऱ्या वाफेचा वास;
तिने तक्त्याचा फोटो काढून घेतला.
खोटं कशाला बोलू, मीही खूश होते.
त्याचे ओठ मुरंब्याने जांभळे
आणि डोळे माझ्या डोळ्यांवर टेकवलेले,
भिजलेला कोट कुणी खुंटीला अडकवावा तसे.

मग चित्रांची कार्डं आली.
रस. झोका. शी. पाव. आई.
हवं ते उचलायचं, माझ्या तळहातावर ठेवायचं.
हे त्याला दोन दिवसांत जमलं.
आम्ही सहा आठवडे धरले होते.

एका मंगळवारी, तेराव्या की चौदाव्या फेरीला,
त्याने वहीच्या मागच्या खिशातून
एक कोरं कार्ड काढलं,
अजून चित्र न चिकटवलेलं.
माझ्या हातावर ठेवलं.
माझी बोटं एकेक करून मिटली
आणि जाऊन खिडकीशी उभा राहिला,
पाणी झटकावं तसे दोन्ही हात झटकत.
मी लिहिलं: चुकीचं कार्ड.
त्याला परत आणून बसवलं.
इकडे बघ.

रात्री भांडी घासताना समजलं.
म्हणजे समजलं असं नाही,
हात नळावर थांबला नुसता.
इतक्या चित्रांत आम्ही 'पुरे' ठेवलंच नव्हतं.
मागायला शिकवलं होतं त्याला, नाकारायला नाही.
म्हणून त्याने ज्यावर काहीच नाही
असं कार्ड शोधून काढलं.

सकाळी मी पुठ्ठा कापला,
उभा तळहात काढला,
करंगळी जरा वाकडी आली.
पहिल्या दिवशी त्याने ते एकतीस वेळा दिलं.
बसल्या बसल्या. बसायच्या आधी. दारातच.
दोन्या मिर्ता म्हणाल्या, असं कसं शिकणार तो,
तूच त्याला पळवाट कापून देते आहेस.
मी काही बोलले नाही. धास्ती मलाही होती.
एकतीस वेळा मी टेबल सोडून उठले.
पुढच्या आठवड्यात अठ्ठावीस. मग अकरा.
मग एक दिवस कार्ड खिशातच राहिलं
आणि तो, माझ्याकडे अजिबात न बघता,
'झोका' आणि 'आई' शेजारी शेजारी लावत बसला.
आई झोक्यावर? की आईने झोका द्यावा?
नेल्दा म्हणते तिला ठाऊक आहे. सांगत नाही.

काल ताशी शंभराचा वारा.
त्याला बसथांब्यापर्यंत सोडायचं होतं.
पत्र्याची छपरं थडथडत होती, तो आवाज त्याला आवडतो.
मला माझंच बोलणं ऐकू येईना,
म्हणून मी गप्प राहिले.
त्याने एका हाताने दोर धरला,
दुसऱ्याने माझं मनगट,
माझा हात दोरावर नेऊन ठेवला
आणि बोटं मिटली, एकेक करून.
मग आम्ही रस्ता ओलांडला,
त्याची मान सामुद्रधुनीकडे वळलेली,
तिथल्या मोडक्या धक्क्यावर पाणकावळे
वाऱ्याकडे तोंड करून बसले होते.
तक्ता केंद्रातच राहिला होता.