एक मिनिट उरलं

हलमध्ये, 'ड्राय अँकर' पबच्या माळ्यावर
माझं काम एवढंच:
टॉर्चच्या काचेवर लाल कागद चिकटवायचा
आणि बोलणाऱ्याचं एक मिनिट उरलं
की मागच्या भिंतीपाशी उभं राहून तो दाखवायचा.
पगार, दोन ग्लास बिअर. उरले तर चिप्स.

लोर्ना ब्रॉकल्स्बी पहिल्यांदा आली
ती ग्रिम्स्बीहून, परतीच्या शेवटच्या बसचा हिशेब करून.
केसांना माशाचा वास.
दिवसभर कारखान्यात हॅडकचे तुकडे
पावाच्या चुऱ्यात लोळवायची.
निवेदकानं नाव चुकवलं, ब्रॉकोली म्हणाला,
आणि त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा
त्यालाच पिकला.

पाच मिनिटं दिली होती. तिसऱ्यात ती मेली.
या धंद्यात असंच म्हणतात:
समोरचे हसून मेले तर तुम्ही जगलात,
नाहीतर उलट.
मी दिवा दाखवला.
त्याच्याकडे बघत ती म्हणाली,
"आमच्याकडे लाल दिवा लागला की पट्टा थांबतो
आणि सगळे कुणाचं तरी बोट शोधायला लागतात."
तेव्हा हसले. उशिरा हसले, पण हसले.
बस चुकली तिची.

मग अकरा वर्षं.
चौघांत एक गाडी, पेट्रोलची वर्गणी,
रात्री दोनला हायवेवरचं गारढोण सँडविच.
स्टॉक्टनला कुणीतरी अर्धा पाय फेकून मारला,
म्हणजे मटणाचा पाय, कवचातला,
तिनं तो चाखला आणि मीठ मागितलं.
एडिनबरात आख्खा ऑगस्ट
गालिच्यांच्या दुकानाखालचं तळघर,
भिंतींना घाम, प्रेक्षक चार,
त्यातले दोघे पावसापुरते आत आलेले जर्मन.
तासभर बोलली त्यांच्यासाठी.
चार हजार पौंडांचं कर्ज घेऊन
सप्टेंबरात पुन्हा हॅडककडे.

वडील एकदाच आले. लेन ब्रॉकल्स्बी,
जन्म आइसलंडच्या समुद्रात जाळी ओढण्यात गेलेला.
माझ्याच शेजारी उभे, हाताची घडी,
दात दिसू द्यायचे नाहीत असं ठरवूनच आल्यासारखे.
शेवटी म्हणाले, "बोलते बरंच."
आणि टोपी घालून खाली गेले.

त्या दोन शब्दांवर तिनं वीस मिनिटं उभी केली.
त्याच वीस मिनिटांनी तिला टीव्हीवर नेलं,
निळ्या टेबलामागे, चार पुरुषांच्या कडेला,
मग मोठी थिएटरं, पोस्टरवर फक्त 'लोर्ना',
आडनावाचा प्रश्नच मिटला.
मी घरी बघायचो. बायको म्हणायची, ही तुझीच का रे?
माझी कसली. मी तिला गप्प करणारा माणूस.

परवा मंगळवारी आली, न कळवता.
नवं काहीतरी चाचपून बघायचंय म्हणाली.
लेन जानेवारीत गेले होते.
पण बोलताना ते अजून चहा करत होते,
अजून रेडिओला शिव्या घालत होते,
वर्तमानकाळातून तिला बाहेरच पडता येईना.
पाच मिनिटं झाली. नऊ. चौदा.
लोकांना कळेना हसावं की काय करावं.
मला दिवा उचलवेना.
शेवटी तिनंच अंधारात डोळ्यांवर हात धरून
माझ्याकडे पाहिलं.
"टेरेन्स, दाखव की. मला थांबता येत नाहीये."

बटण दाबलं. सेल संपलेले.
आणखी एकदा दाबलं, मांडीवर आपटलं,
मग जन्मात कधी नाही ते ओरडलो,
"एक मिनिट उरलं!"

माळा कोसळेल असं हसले सगळे.
ती माइकच्या दांड्याला धरून वाकली होती,
हसत होती म्हणून, असं मी तरी धरून चाललोय.
खाली आल्यावर तिनं माझी बिअर स्वतः भरली
आणि म्हणाली, "टायमिंग बरं होतं. नाव काय लावतोस?"