हलशीची किल्ली

कमल बस्तीच्या छताकडं बघून
सकाळीच मान अवघडलेली.
"चला, अजून दोन गावं आहेत," चौगुले सर.

खानापूर सोडल्यावर पाट्यांवरचे
मला फक्त आकडे वाचता येतात.
इराप्पाचा एक हात ओम्नीवर, दुसरा शेंगांत.

हलशीत कुलूप.
किल्ली मल्लव्वाकडं, मल्लव्वा शेतात.
तासभर पायरीवर. सरांनी शिलालेखावर बोट फिरवलं,
"दान" एवढंच लागलं,
बाकी सगळं शेवाळ.

ती आली, चिखलाचे हात पदराला पुसत.
आत दोन गाभारे समोरासमोर:
नरसिंह, वराह,
कधीपासून एकमेकांकडं बघत बसलेले,
मध्ये वटवाघळांची घाण.
"आज्जी, दिवा आधी कुणाला?"
"ज्याची वात आधी भिजंल त्येला."
मग इराप्पाला कानडीत काहीतरी.
दोघंच हसले.
"कुलूप घाला, किल्ली दिवळीत ठेवा की,"
म्हणाली आणि गेली.

देगावला पोचलो तर अंधार.
गाडीच्या उजेडात दोन-चार खांब,
त्यांच्या मागं काहीच नाही.
सर तरी उतरले, चपला काढून उभे राहिले.

परतताना रुमाल काढला
आणि बोटांना लोखंड लागलं, गार.
मी काही बोलायच्या आत
इराप्पानं आरशात बघितलं,
शेंगांची पुडी डॅशबोर्डवर ठेवली,
गाडी वळवली.