थोडं डावीकडे

रविवारी सकाळी सूरच्या बलदियात
नवे नियम आले.
चौदा कलमं, अरबीत, खाली हिरवा शिक्का.
मोफिजुलने चहाबरोबर प्रत्येक टेबलावर एकेक प्रत ठेवली,
माझी मात्र सवयीने कपाखाली.

मला अरबी येतं ते नकाशापुरतं.
मशीद, दफनभूमी, सरकारी हद्द,
आणि वाडी, म्हणजे इथला कोरडा ओहोळ,
आमच्यासारखी माडांची नव्हे.
बाकीचं हिशेबातल्या फौजियाने वाचून दाखवलं:
पदाचा उपयोग स्वतःसाठी नको,
भावासाठी नको, बायकोकडच्या कुणासाठीच नको.
भेट घेऊ नये. घेतलीच तर लिहून द्यावी.
ज्या जमिनीत आपला जीव अडकलाय
तिच्या फाइलीवर सही करू नये.
(जीव माझ्या पदरचा. ती कोरडं काहीतरी म्हणाली होती.)

इथे वास्ता म्हणतात, आमच्याकडे वशिला.
हर्णैहून येताना मी तो शब्द आणला नाही;
तो माझ्या कितीतरी आधी
इकडूनच कुठूनतरी, खजुराच्या गोणीवर बसून
आमच्या किनाऱ्याला उतरला असणार.

दोन वर्षांपूर्वी खल्फानसाहेब
माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.
आधी लोबानचा वास, मग पडद्यावर एक बोट.
'थोडं डावीकडे.'
मी माउस सरकवला.
सरळ कामगारांच्या कॅम्पकडे निघालेला रस्ता
वाडीपाशी वळला,
साहेबांच्या सासऱ्याच्या खजूरबागेला वळसा घालून आला.
तीनशे चाळीस मीटर. अकरा खांब.
कॅम्पला पोचायच्या आत पैसे संपले.

कुंपण शेत खातं हे लहानपणापासून ऐकलेलं.
शेताने रस्ता खाल्लेला
मी स्वतःच्या हाताने काढला, शून्य पॉइंट दोनच्या रेघेत.

त्याच महिन्यात
वैजू आणि पोराचा व्हिसा, चार महिने कुठेतरी अडकलेला,
तीन दिवसांत हातात आला.
कुणी काही मागितलं नव्हतं.
मीही काही दिलं नव्हतं.
देवाला नारळ फोडला तेवढाच.

नियमांच्या शेवटच्या पानावर एक तक्ता होता:
वस्तू, देणारा, अंदाजे किंमत.
दोन दिवस तो कपाखालीच ठेवला.
मग तिसऱ्या दिवशी, सगळे नमाजाला गेल्यावर, लिहिलं:
दोन व्हिसा.
देणाऱ्याचं नाव लिहिताना पेन थांबलं.
किमतीच्या रकान्यात लिहिलं, अकरा दिवे.

बुधवारी कागद परत आला.
आडवा शिक्का: लागू नाही.
फौजियाने चष्मा कपाळावर ढकलून समजावलं,
हे पक्क्या नोकरांसाठी आहे,
तू ठेकेदार कंपनीचा माणूस,
तुझं नाव आमच्या यादीतच नाही.
खल्फानसाहेबांनीही भरलाय, ती म्हणाली,
तिन्ही रकान्यांत 'काही नाही',
अक्षर काय सुंदर!
मग हळूच, खरोखर मायेने,
'सुटलास तू.'

सुटलो.
तो कागद मी पट्टीखाली, खणात ठेवलाय.
वैजूला अजून बोललो नाही.
ती म्हणेल, मग काय, परत जायचं?
आणि ते बरोबरच आहे.

रात्री घरी जाताना अकरा दिवे दिसतात.
खजुरांवर पांढरा उजेड, खाली रस्ता कोरा करकरीत,
गरम डांबरावर मधोमध
शेळ्या पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या.
अकराव्या खांबापुढे काळोख,
आणि त्यात एक बोटभर उजेड हलत जाणारा.
मोफिजुल, मोबाइल धरून, कॅम्पकडे.
त्याने एकदा विचारलं होतं,
दादा, नकाशा तुम्हीच काढता ना?
आमचा खांब कुठे आहे त्यात?
मी म्हटलं, बघतो.

आज गाडी कडेला लावली,
तोंड वाडीकडे करून दिवे मोठे केले.
त्याने मागे वळून हात वर केला,
मी आहे हे त्याला दिसलं की नाही कोण जाणे.
दगडांवरून त्याची सावली
लांबच लांब पुढे पळत गेली.
तो पलीकडच्या चढाला लागेपर्यंत थांबलो.
बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवलं.