अर्थिंग

सोमवार, बुधवार, शुक्रवार
पहाटे साडेचारला निफाडहून निघते माझी सत्त्याण्णवची सुमो.
तीन माणसं डायलिसिसची,
एक त्यांचे डबे मांडीवर घेऊन बसलेला भाचा.
सगळं चालतं गाडीत. हॉर्न चालतो, वायपर चालतो कुरकुरत,
हीटरचा पंखा तेवढा
गेल्या आठवड्यापासून गप्प.

बटण एकवर, दोनवर, तीनवर.
चारवर तर खटकाही जोरात बसतो.
आत कोणी नाही.

पाण्याचा पाइप हाताला चटका देतो,
म्हणजे ऊब आहे,
ती पुढे ढकलणारं कुणी नाही.

चांदोरीच्या अलीकडे बागाबागांतून शेकोट्या,
मणी तडकू नयेत म्हणून धूर राखत बसलेली माणसं.
पगार मास्तर काचेला नाक लावून म्हणाले,
"द्राक्षांची सोय आहे बघ."
कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

त्यांना दवाखान्यात सोडलं की चार तास माझे.
आठनंतर वडाळा नाक्यावर
इलियासभाईचं शटर अर्धं वर.
"फ्यूज बघितला?"
बघितला.
"डोळ्यानं की हातानं?"
उपसून उजेडात धरला. तार शाबूत.
हॉर्नचा रिले काढून हीटरच्या जागी बसवला,
टक् झालं.
"हाक जातेय," म्हणाला, "ओ येत नाही."

मग डॅशबोर्डखाली उताणा शिरला,
पाय बाहेर, एकाच पायात मोजा.
टेस्टलॅम्पची सुई लाल वायरीत, चिमटा बॉडीला.
बल्ब पेटला.
तोच चिमटा मोटरच्या काळ्या वायरीला,
अंधार.

"करंट येतोय रे. जायला वाट नाही त्याला.
अर्थ लागत नाहीये."

मी आठवीपर्यंत शिकलेला.
मराठीच्या बाई हेच वाक्य
माझ्या निबंधाखाली लिहायच्या, लाल शाईत.

पायाशी, मॅटखाली, एक स्क्रू.
पावसाळे झिरपून झिरपून हिरवट-पांढरा पडलेला,
नुसता असण्यापुरता.
पॉलिश पेपरनं घासला
खालचा पत्रा चकाकेपर्यंत.
नवा वॉशर, दोन रुपयांचा.
बटण एकवर.

आधी एक खोकला.
मग जाळीतून कागदाचे बारीक तुकडे,
घड झाकायला बांधतात तोच पेपर,
कुठल्याशा उंदरिणीनं बाळंतपणासाठी कातरलेला,
अक्षतांसारखा अंगावर आला.
एका तुकड्यावर
वाढदिवसाच्या शुभेच्छांमधली अर्धी मिशी.
इलियासभाईनं बॅटरी मारून आत पाहिलं,
"पिल्लं कधीच गेलीत," एवढंच म्हणाला.
पैसे?
"चहा सांग."

अकराला सुंदराबाई पुढच्या सीटवर बसल्या.
मशीनवरून उठलं की थंडी हाडात असते,
बाहेर कितीही ऊन असो.
बटण दोनवर केलं.
त्यांनी दोन्ही तळवे जाळीसमोर धरले,
जरा वेळानं डावा हात माझ्यापुढे केला.
"इथं बोट ठेव."
मनगटाच्या वर, सुया घेऊन घेऊन फुगलेल्या शिरेत
काहीतरी घुरघुरत होतं,
बारीक, न थांबता.
"रोज उठल्या उठल्या बघायला सांगितलंय.
चालू आहे ना?"

चालू आहे, म्हटलं.

नांदूर नाक्यापर्यंत तिघंही झोपले.
भाचा उरलेल्या पोळीशी गूळ खात होता.
शिलापूरच्या पुढे पंखा मध्येच थांबला.
मी गुडघ्यानं पॅनेलला हलकेच टेकू दिला,
कुणी जागं होणार नाही इतपत.
लागला.