हात लावू नये

मढच्या मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या हिशेबाला
एकच संगणक. त्याच्यावर धुतलेला टॉवेल.
समोर कुंदाबाई टपके, वय बावन्न,
खुर्चीच्या कडेला टेकलेल्या,
चौकीत बसवून ठेवल्यासारख्या.

"यानं लिवून दिलाय," त्या म्हणाल्या,
"का मी बेकायदा काम केलंय, न् आता हा बंद करनार."
मी वाचलं. तसंच लिहिलं होतं इंग्रजीत,
करड्या चौकटीत, लाल फुलीशेजारी.
तीन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
कोट्याच्या वाटपात आकडा चुकला असेल म्हणून
वर्षभराची पावतीपुस्तकं
पुन्हा बेरजेला घेतली होती.

हसू आलं होतं. गिळलं.
म्हटलं, ही वाक्यं फाइलीच्या पोटात असतात,
तिथंच ती छोटी चित्रंसुद्धा.
बदलता येतात.

"मोडल ना?"

मोडतं, घाई केली तर.
म्हणून आधी मूळ फाइलीची नक्कल,
एक तिथंच, एक फ्लॉपीवर,
आणि फ्लॉपीच्या चिठ्ठीवर ठळक लिहिलं: हात लावू नये.
काय करायचं ते दुसऱ्या नकलेवर.
चालू यंत्र आपली वापरातली फाइल सोडत नाही
हे कसं समजवावं याचा मी विचार करतोय
तोवर त्याच खिडकीकडे हात करून बोलल्या,
"होरी पान्यान असताना
तिचा तळ कोन रंगवतंय? वर ओढाला लागते."

वर ओढली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, टिचकी टिचकीनं.
पहिल्यांदा चुकलो.
एक अक्षर जास्त झालं होतं,
ते शेजारच्या वाक्याच्या घरात घुसलं
आणि यंत्र उठेचना.
पंख्याखाली घाम. कुंदाबाईंनी चहा सांगितला,
विचारलं काहीच नाही.
फ्लॉपी घातली, मूळ परत बसवलं, यंत्र उठलं.
मग सावकाश मोजत बसलो:
जुन्या वाक्याला जेवढी जागा तेवढीच नव्याला,
उरलेल्यात नुसतं रिकामं भरायचं.
देवनागरी त्या यंत्राला कळेना, प्रश्नचिन्हंच उमटत,
तेव्हा रोमन अक्षरांत मराठी:
चूक झाली. तुमची नाही. पुन्हा उघडा.

कचऱ्याच्या डब्यावर त्यांचं बोट थांबलं.
"यातला परत कारता येतो ना?
मग डबा कसला? टोपली काढ."
बत्तीस घरं आडवी, बत्तीस उभी, सोळा रंग.
टोपली जमली.
भरलेल्या टोपलीतून पापलेटची शेपटी डोकवायला हवी होती,
ती तीन ठिपक्यांत मावेना.
"बोंबील हाय," त्या म्हणाल्या. "चालल."

मार्चात तपासणीचे साहेब आले.
त्यांच्यासमोरच यंत्र अडलं, चौकट आली.
साहेबांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं,
विचारलं, हे कुणी लिहिलं?
कुंदाबाई पावत्यांना टाचण्या लावत होत्या.
"यंत्रानं," म्हणाल्या,
आणि चौकट स्वतः बंद केली,
मान वर न करता.

पुढे ते यंत्र भंगारात गेलं, टोपलीसकट.
लॅमिंग्टन रोडच्या माझ्या गाळ्यात
खालच्या खणात ती फ्लॉपी आहे.
वाचेल असं काही आता माझ्याकडेही उरलेलं नाही.
पण बुरशी धरली नसेल तर
तिच्यात ते जुनं वाक्य असणार, अक्षरही न हललेलं,
कुणीतरी बेकायदा काही केलंय म्हणून
अजून सांगत.
मीच जपलंय ते. दोनदा नक्कल करून.